हवा भकास असते का?

ओसरी

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहते. दर रविवारी इथे मुलांची मराठी शाळा भरते, तिथे मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे असतो. गेल्या आठवड्यात 'आजचा दिवस' यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. नऊ वर्षांच्या एका मुलीची पहिलीच ओळ होती, 'आज हवा भकास आहे.'

मी लाल पेनाने 'भकास'खाली रेघ मारली, वर 'ढगाळ' लिहिलं आणि वही परत दिली. घरी आल्यावर मात्र ती ओळ डोक्यातून जाईना. डिसेंबरात इथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या दिवशी तर तो उगवलेलाही दिसला नव्हता. आभाळ राखेच्या रंगाचं, झाडांवर पान नाही. 'ढगाळ' या शब्दात यातलं काहीच येत नाही.

पण 'हवा भकास' हेही मी कधी ऐकलेलं नाही. घर भकास, वाडा भकास, गाव भकास, चेहरासुद्धा भकास. हवेला आपण कुंद म्हणतो, झाकोळून आलंय म्हणतो, मळभ आलंय म्हणतो. मग मी काढलेली चूक बरोबर होती का? आणि भकास म्हणजे नेमकं काय? ओसाड, उजाड, भयाण, उदास यांच्याहून ते वेगळं कशाने होतं? मला त्या मुलीला कारण सांगायचं आहे. नुसती रेघ मारून सोडून द्यायचं नाही.

जुना_वाडा

माझ्या कानाला तुमची दुरुस्ती बरोबर वाटते. भकासपणा जागेचा असतो, हवेचा नाही.

बाकीचे शब्द बाजूला ठेवून बघू. ओसाड म्हणजे माणसं राहत नाहीत. उजाड म्हणजे झाडझाडोरा, पीकपाणी उरलं नाही. सुनं हे 'शून्य'वरून आलेलं, तिथे कुणी एक माणूस नाही हे जाणवतं. भयाणमध्ये भय उघडच आहे. ओकंबोकं म्हणजे सजावट नाही: दागिना नसलेला गळा, तोरण नसलेलं दार. या प्रत्येक शब्दात काय नाही ते सांगता येतं. भकासचं तसं नाही. दहा माणसं वावरत असलेलं घर भकास असू शकतं.

आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती. विसर्जन करून आलं की ज्या कोपऱ्यात मखर असतं तिकडे बघवत नाही. मखर तसंच असतं, दिव्यांची माळ लुकलुकत असते, पाहुणे अजून गेलेले नसतात, स्वयंपाकघरात पोळ्या लाटल्या जात असतात. तरी आई दारातूनच म्हणायची, 'किती भकास वाटतंय गं.' नदीवरून येताना आम्ही पाटावर मूठभर वाळू आणतो, ती त्याच जागी ठेवतो आणि मग आरती करतो. जागा एकदम रिकामी सोडायची नाही, असं आई सांगायची.

म्हणून माझी व्याख्या अशी: इथे काहीतरी होतं हे नजरेला ठाऊक असतं, ती सवयीने तिकडे जाते आणि रिकामी परत येते, तेव्हा ती जागा भकास. वाळवंट भकास नसतं, कारण तिथे नजर काही शोधत नाही.

देवगडची

मळभाचा उल्लेख आलाय म्हणून लिहिते. आम्हा आंबेवाल्यांसाठी तो काव्याचा शब्द नाही, काळजीचा आहे. पौष-माघात झाडं मोहोरलेली असतात. त्या दिवसांत चार दिवस मळभ धरून राहिलं की तुडतुडे वाढतात, मोहोरावर भुरी येते. फवारणी करूनही किती वाचेल ते सांगता येत नाही. सकाळी बाबा खळ्यात उभे राहून आभाळाकडे बघत 'मळब इला' म्हणाले, की घरात सगळ्यांचे आवाज आपोआप खाली यायचे.

त्या मळभाला ते कधी भकास म्हणाले नाहीत. भकास म्हणायचे ते नंतर, मोहोर करपून गळाल्यावर, बागेला. म्हणजे जुना_वाडा यांची व्याख्या आमच्या बागेपुरती तरी बरोबर आहे.

मांडवीकाठ

मळभाबद्दल गोव्यातून थोडी भर. कोंकणीत मळब म्हणजे आकाश. निरभ्र असो, चांदण्यांनी भरलेलं असो, ते मळबच. आमच्या घरी कोंकणी आणि माझं शिक्षण मराठीतून. शाळेत 'मनावरचं मळभ दूर झालं' असं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ अडकून पडले होते. मनावर आकाश कसं असेल, आणि असलंच तर ते दूर झाल्याचा आनंद कसला? बाईंनी मराठीतला अर्थ सांगितला. पण अजूनही तो वाक्प्रचार वाचला की मला आधी भलंमोठं निळं आकाशच दिसतं.

माळावरचा

जुना_वाडा, व्याख्या आवडली, पण एक अडचण आहे. लोक माळाला सर्रास भकास म्हणतात, आणि माळावर त्यांनी आधी काहीही पाहिलेलं नसतं.

मी सोलापूरकडचा. नान्नजच्या माळावर वीस-बावीस वर्षं फिरतोय. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली तिथे अभयारण्य झालं. मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळून पिवळं पडतं, सावलीला झाड नसतं. शहरातून आलेले पाहुणे गाडीचं दार उघडतात आणि दहातले आठ जण हेच म्हणतात, 'बापरे, काय भकास आहे!' त्यांच्यापासून पन्नास पावलांवर धावीक पक्षी जमिनीशी एकरूप होऊन उभा असतो. डोक्यावर चंडोल गात असतो. काळवीट दिसतात, नशीब असेल तर पहाटे लांडगा दिसतो. मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगरांच्या तोंडून त्या माळाबद्दल हा शब्द मी एकदाही ऐकलेला नाही. ते गवताबद्दल बोलतात: कुठलं गोड, कुठलं कुसळाचं, कुठे पाऊस झाला की आठवड्यात हिरवं होतं.

हे मी नुसतं शब्दासाठी लिहीत नाही. एखादी जागा भकास ठरली की ती भरून टाकावी असं माणसाला वाटतं. कागदोपत्री ती 'पडीक' होते. मग तिथे खड्डे खणून गिरिपुष्प लावतात, आणि लावणाऱ्यांना मनापासून वाटतं की आपण चांगलं काम केलं. माळढोकला मात्र मोकळं रान लागतं. दूरवरचं दिसलं तरच तो वावरतो, अंडंसुद्धा उघड्या जमिनीवर घालतो. एके काळी ज्या माळावर तो हमखास दिसायचा, तिथे आता तो दिसणं फार दुर्मिळ झालंय. एकट्या झाडांमुळे हे झालं असं म्हणत नाही, शेती, रस्ते, विजेच्या तारा, पुष्कळ कारणं आहेत. पण माळाला भकास म्हणणारी नजर या प्रत्येक कारणामागे आहे, असं मला ठामपणे वाटतं.

तेव्हा वर्गात मुलांना हेही सांगा, की भकास ही त्या जागेइतकीच बघणाऱ्याच्या डोळ्यांची बाब आहे.

जुना_वाडा

माळावरचा, हे वाचून माझी व्याख्या मला अपुरी वाटायला लागली. तुमचे पाहुणेही काहीतरी शोधत असणारच: झाड, सावली, पाणी, घर. ते डोळ्यांत घेऊनच ते आलेले असतात. म्हणजे 'इथे काहीतरी होतं' याऐवजी 'इथे काहीतरी असायला हवं होतं' असं म्हणायला हवं. विचार करतो.

लालबागकर

आमच्या चाळीतला भकास सांगतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. वडील साच्यावर, म्हणजे मागावर. संप असा कधी संपलाच नाही, गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. चाळीत माणसं तितकीच होती, उलट दिवसाही घरी असायला लागली. पूर्वी दिवसपाळीचे बाहेर पडायचे आणि रातपाळीचे येऊन झोपायचे, त्यामुळे दहा बाय बाराच्या खोलीत सगळे एकाच वेळी जागे असे क्वचितच असत. आता सगळेच जागे, सगळेच बसलेले. गॅलरीत गर्दी. आणि तरी आई म्हणायची, 'चाळ भकास झाली.'

तेव्हा मला कळायचं नाही. गेलं होतं काय, तर गिरणीचा भोंगा. भोंग्यावर सगळं चालायचं. नळाचं पाणी, डबे, पोरांची शाळा, खानावळवाल्या मावशींचा तवा. भोंगा थांबला आणि चाळीला दिवसाचे भागच उरले नाहीत. अकरा वाजलेत की तीन, काही फरक पडेना. त्यामुळे नजरेच्या गोष्टीत मी कानाचीही भर घालेन. आवाज गेला की गर्दीतही भकास होतं.

आज तिथे काचेचे टॉवर आहेत. त्यांना मात्र मी भकास म्हणत नाही. त्यांच्यासाठी माझ्याकडे 'परकं' हा शब्द आहे.

केवडा

+१. आवाजाचं अगदी खरं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडव सोडतात ना, तेव्हा बांबू पडल्याचे आवाज असतात तोवर काही वाटत नाही. टेम्पो निघून गेला की अंगण भकास.

एक सुचलं. 'करमत नाही' हे आपण माणसाबद्दल बोलतो आणि 'भकास' जागेबद्दल, पण गोष्ट एकच आहे. मला करमत नाही म्हणजे घर भकास आहे. 'घर खायला उठतं' म्हणतात तेही तेच, फक्त तिथे घर आपल्यावर चाल करून येतं. भकास घर चाल करून येत नाही, ते काहीच करत नाही.

तेरणाकाठ

आजवर या संस्थळावर फक्त वाचत आले. आज लिहिते.

१९९३ च्या २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गावात मिरवणूक चालली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. मी अकरा वर्षांची होते. आमच्याकडची घरं माळवदाची: दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छत. किती माणसं गेली ते सर्वांना माहीत आहे. माझ्या घरातलीही गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

जुना_वाडा यांच्या पहिल्या व्याख्येने बघितलं तर भकास म्हणायला हवं होतं आमच्या जुन्या गावाला. पण त्याला तसं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. त्याला 'जुनं गाव' म्हणायचे, बस. तिथे नुसते ढिगारे होते, नंतर बाभळी वाढल्या, तरीही नाही.

भकास म्हटलं ते नव्या गावाला. आखून दिलेले सरळ रस्ते, एकसारखी घरं, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा. घरं मजबूत होती, ज्यांनी बांधून दिली त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पण जुन्या गावात भिंतीला भिंत लागून होती. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या ओट्यावर बसलेल्या बाईशी आपल्या ओट्यावरून हळू आवाजात बोलता यायचं. नव्या गावात हाक मारायची तरी दोन मोकळे प्लॉट ओलांडून. झाड नाही, पार नाही. आजी पहिल्या उन्हाळ्यात सारखी म्हणायची, 'लई भकास वाटतंय बग. शेजारणीचं भांडं पडल्यालं बी ऐकू येईना.'

त्या जागेवर आधी काहीच नव्हतं, शेतच होतं. पण आजीने जुनी गल्ली कानात घेऊन नव्या घरात पाऊल ठेवलं होतं.

आता तिथे कडुलिंब मोठे झालेत. मोकळ्या जागेत लोकांनी खोल्या काढल्या, पत्र्याची शेड केली, सोपा वाढवला. बाहेरून येणाऱ्याला ते वेडंवाकडं वाटेल. माझ्या मुलांना ते गाव भकास वाटत नाही, मलाही आता नाही.

जुना_वाडा

तेरणाकाठ, लिहिलंत हे फार बरं केलंत. व्याख्या मी मागे घेतो. 'इथे काहीतरी होतं' हे जागेला लागू नाही, माणसाला लागू आहे. आपण जे बरोबर घेऊन येतो ते ठेवायला जिथे जागा सापडत नाही, तिथे भकास वाटतं. तुमच्या आजींच्या भांड्याच्या आवाजाने जे सांगितलं, त्यापुढे माझं हे वाक्यही कोरडंच आहे.

बारामाही

चर्चा फार सुंदर चालली आहे. मी एक व्याकरणाचा मुद्दा आणतो, कारण हा शब्द गेल्या काही वर्षांत बदलतोय.

भकास हे विशेषण. घर भकास, वाडा भकास, वस्ती भकास. लिंग बदललं, वचन बदललं, तरी शब्द हलत नाही. पण मोर्चातल्या फलकांवर, गावच्या सभांमध्ये, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत 'विकास की भकास?' हे आता नेहमीचं झालंय. 'गावाचा भकास केला' असंही लोक बोलतात. इथे तो सरळ पुल्लिंगी नाम झालाय. यमकामुळे 'विकास'च्या शेजारी येऊन बसला आणि त्याचंच व्याकरण त्याने घेतलं.

मला आधी हे खटकायचं. मग आमच्या तालुक्याच्या रस्त्याचं रुंदीकरण झालं. दोन्ही बाजूंना जुने वड होते, वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. मे महिन्यात दुपारी मोटरसायकलवरून त्या बोगद्यात शिरलं की अंगावरचं ऊन एकदम उतरायचं. तीन आठवड्यांत सगळे गेले. पहिल्यांदा त्या रस्त्याने गेलो तेव्हा माझं गाव कुठल्या वळणावर येतं तेच मला कळेना, खुणाच गेल्या होत्या. त्या संध्याकाळी 'रस्ता भकास दिसतो' हे वाक्य मला पुरेना. त्यात रस्ता आपोआप तसा झाल्यासारखा वाटतो. विकास ही कुणीतरी करायची गोष्ट आहे, म्हणून तिच्या जोडीला बसलेला भकासही कुणीतरी केलेला ठरतो. नाम हवं होतं, लोकांनी ते घडवलं.

सांगली जिल्ह्यात भोसे गावच्या यल्लम्मा मंदिराजवळचा जुना वड २०२० मध्ये महामार्गात जाणार होता. लोक उभे राहिले म्हणून रस्ता थोडा वळवला गेला. म्हणजे ते करता येतं.

सांजवात

ओसरी, तुमच्या यादीतलं 'उदास' अजून कुणी घेतलं नाही, म्हणून लिहिते. आज उदास म्हणजे खिन्न. पण तुकोबांचं 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी' आठवा. तिथे रडवेल्या चेहऱ्याने खर्च करायचा नाहीये. उदास म्हणजे अलिप्त, त्यात न अडकलेला. मूळ संस्कृत शब्दातही बाजूला बसणं हाच अर्थ आहे. तेव्हा तो गुण होता. बाजूला बसलेला माणूस पुढे कधीतरी आपल्याला दुःखी वाटायला लागला, आणि शब्दाचा अर्थ तिकडे सरकला. 'उदासीन'मध्ये जुना अर्थ अजून थोडा शिल्लक आहे.

त्यामुळे उदास हे माणसाचंच, मग ते संध्याकाळीला किंवा सुरांना लागलं. भकासचा प्रवास उलटा. ते जागेचं, आणि तिथून चेहऱ्यावर आलं. भकास चेहरा म्हणजे ज्यातून माणूस उठून गेलाय असा. उदास चेहऱ्यात माणूस असतो, त्याच्याशी बोलता येतं.

देवगडची

सांजवात, हे शेवटचं वाक्य खरं आहे. बाग गेलेल्या वर्षी बाबांचा चेहरा तसा झाला होता. उदास नव्हे.

ओसरी, त्या मुलीला विचारलंत का, तिने शब्द आणला कुठून?

ओसरी

विचारलं. आजच, वर्ग सुटल्यावर. आधी तुम्हा सर्वांचे आभार, प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. तेरणाकाठ, तुमचा त्याहून जास्त वेळा.

मुलीने सहज सांगितलं. तिची आजी सहा महिन्यांसाठी आली आहे. रोज सकाळी आजी पडदा सारते आणि म्हणते, 'बाहेर किती भकास आहे.' आई म्हणते, बाहेर थंडी आहे. बाबा म्हणतात, बाहेर पाऊस आहे. त्यावरून तिने ठरवलं की थंडी आणि पावसासारखं भकास हेही हवेचंच काहीतरी असणार. तिचा हिशोब चोख होता.

तिला न्यायला आजीच आल्या होत्या. त्यांना विचारलं, तुम्ही आभाळाला भकास म्हणता का? म्हणाल्या, 'आभाळाचं काय? आमच्याकडे श्रावणात आठ-आठ दिवस ऊन नसतं. त्याला कोण भकास म्हणतं? मी सात वाजल्यापासून खिडकीशी असते. दूधवाला नाही, पेपरवाला नाही, दारात सडा टाकणारी बाई नाही, शाळेत जाणारी पोरंसुद्धा गाडीत. समोरच्या घरात कोण राहतं ते मला अजून माहीत नाही. दिवे लागतात म्हणून कळतं, माणसं आहेत.'

मी वही परत मागून घेतली. 'ढगाळ' खोडून 'भकास' पुन्हा लिहिलं आणि 'हवा'च्या जागी 'बाहेर' केलं. एवढीच चूक होती. खाली दुसरी ओळ होती, 'आजी खिडकीत बसली आहे.' ती मी गेल्या रविवारीही वाचली होती. तिच्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती, म्हणून तशीच पुढे गेले होते.

आजींना पुढच्या रविवारपासून वर्गावर बोलावलं आहे. कुंद, झाकोळ आणि मळभ त्या शिकवतील. मांडवीकाठ, तुमचं कोंकणी मळबही त्यांना सांगितलंय. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.